नजर चेहऱ्यावर टेकते कुठे?

"मला ओळखलंस का गं, आई?"

मुलगी खुर्चीसमोर वाकून विचारते. आईची नजर मुलीच्या कानातल्या डुलावर जाते, तिथून खांद्यामागच्या उघड्या खिडकीकडे, मग कपाळावर आलेल्या बटेकडे आणि पुन्हा डुलावर. दोनतीन सेकंद असेच जातात. "हो, ओळखलं की," आई म्हणते. नाव काही घेत नाही. मुलगी उठते तेव्हा तिच्या डोक्यात एकच वाक्य घोळत असतं: आई मला विसरली.

विसरली असेलही. पण त्या दोनतीन सेकंदांत एक गोष्ट घडलीच नाही आणि ती सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. आईची नजर मुलीच्या डोळ्यांवर एकदाही टेकली नाही.

डिमेन्शिया झालेलं माणूस घरच्यांना ओळखेनासं झालं की आपण सगळा दोष आठवणीच्या माथी मारतो. जगात आज हा आजार असलेले साडेपाच कोटींहून जास्त लोक आहेत, त्यातल्या ६० ते ७० टक्क्यांना अल्झायमर आहे. त्यामुळे डिमेन्शिया म्हणजे विसरणं, हे समीकरण पक्कं होऊन बसलंय. चेहरा ओळखणं ही मात्र एक लांबलचक साखळी आहे. आठवण ही तिच्यातली बऱ्याच पुढची कडी. पहिली कडी असते डोळ्यांनी चेहऱ्यावर नेमकं कुठे जाऊन थांबायचं, ही. कुठली कडी निखळली आहे त्याप्रमाणे 'ओळखत नाही' या दोन शब्दांचा अर्थ पार बदलतो.

आधी धडधाकट डोळा काय करतो ते पाहू. हात पूर्ण लांब करा आणि अंगठ्याकडे बघा. एका क्षणी तुम्हाला अगदी रेघ न् रेघ स्पष्ट दिसतो तो भाग जेमतेम त्या अंगठ्याच्या रुंदीएवढा असतो, म्हणजे साधारण २ अंश. दृष्टिपटलाच्या मध्याजवळ एक बारीकसा खळगा आहे आणि बारकावे टिपणाऱ्या पेशींची दाटी तिथेच आहे. त्याच्या बाहेरचं सगळं धूसर, अंदाजपंचे. तरी समोरचं अख्खं दृश्य लख्ख दिसतंय असं आपल्याला वाटतं, कारण डोळे सेकंदाला तीनेक वेळा उडी मारून तो खळगा वेगवेगळ्या जागी नेत असतात आणि मेंदू ते तुकडे जोडत असतो.

या उडीला सॅकेड म्हणतात. शब्द फ्रेंच आहे, मूळ अर्थ घोड्याच्या लगामाला दिलेला हिसका. दोन उड्यांच्या मध्ये डोळा साधारण पाव सेकंद थांबतो आणि पाहणं होतं ते या थांब्यावर. उडी चालू असताना मेंदू चित्र दाबून टाकतो. खोटं वाटत असेल तर आरशासमोर उभे राहा, स्वतःच्या डाव्या डोळ्याकडे बघा, मग उजव्याकडे. आपले डोळे हलताना तुम्हाला काही केल्या दिसणार नाहीत. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला मात्र ते स्पष्ट दिसतात.

नजर कुठे उडी मारणार हे कोण ठरवतं, याचा सुरेख प्रयोग सोव्हिएत शास्त्रज्ञ आल्फ्रेड यार्बुस यांनी केला. त्यांचं पुस्तक १९६७ मध्ये इंग्रजीत आलं. त्यांची पद्धत वाचतानाच डोळ्यांत पाणी येतं: बुबुळाच्या भागावर चिकटून बसणारी एक चिमुकली टोपी, तिच्यावर आरसा आणि त्यावरून परावर्तित होऊन कागदावर माग काढणारा प्रकाशाचा झोत. रेपिन या रशियन चित्रकाराचं एक चित्र त्यांनी दाखवलं. खोलीत अचानक शिरलेला एक माणूस आणि दचकलेले घरचे. 'या माणसांची वयं सांगा' म्हटलं की नजर चेहऱ्यांवरून फिरायची. 'हे घर किती सधन असेल' म्हटलं की तीच नजर कपड्यांवर आणि सामानावर जायची. चित्र तेच, डोळे तेच. मनातला प्रश्न बदलला की वाट बदलली.

नुसता चेहरा समोर असला की बहुतेकांची नजर डोळे, नाक, तोंड या त्रिकोणात फिरते. पहिला थांबा बहुधा डोळ्यांच्या किंचित खाली, नाकाच्या आसपास असतो. तिथून डोळे आणि तोंड दोन्ही एकदम पुरेसे टिपता येतात. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तर दिसून आलं की आधी पाहिलेला चेहरा ओळखायला दोन थांबे पुरतात. अर्ध्या सेकंदाचा मामला! पण ते दोन थांबे योग्य जागी पडायला हवेत.

आता डिमेन्शिया. नजरेच्या उड्यांचा कारभार मेंदूच्या एकाच कोपऱ्यात चालत नाही. कपाळामागचा भाग, डोक्याच्या वरच्या बाजूचा भाग आणि खाली मेंदूच्या देठातली केंद्रं, असा तो तिघांत वाटलेला असतो. चमकलेल्या, हललेल्या वस्तूकडे डोळा आपसूक वळवणं हे जुनं, खालच्या केंद्रांचं काम. 'तिकडे नको, इकडे बघ' असा लगाम घालणं हे कपाळामागच्या भागाचं. हा लगाम तपासणारी एक साधी चाचणी आहे, पीटर हॅलेट यांनी १९७८ मध्ये मांडलेली. खोलीत अंधार असतो, हनुवटी आधारावर टेकवलेली, कपाळ पट्टीला लावलेलं. समोरच्या पडद्यावर मधोमध ठिपका असतो, त्याच्याकडे बघत राहायचं. मग बाजूला कुठेतरी दुसरा ठिपका चमकतो. तुम्हाला सांगितलेलं असतं की ठिपका डावीकडे चमकला तर उजवीकडे बघा, उजवीकडे चमकला तर डावीकडे.

ऐकायला पोरखेळ वाटतो. करून पाहिलं की कळतं, डोळा आपल्या आधी निघून जातो. तरुण, निरोगी माणूसही अधूनमधून चुकतो, पण चूक झाल्याझाल्या त्याची नजर उलट्या बाजूला झेपावते. अल्झायमर असलेली माणसं जास्त वेळा चुकतात आणि मुख्य म्हणजे चुकल्यावर बऱ्याचदा दुरुस्ती करत नाहीत. सूचना समजलेली असते, तरी नजर ठिपक्यावर जाते आणि तिथेच राहते. त्यांच्या उड्या सुरू व्हायलाही वेळ लागतो आणि एका जागी नजर स्थिर ठेवणं जड जातं.

हे सगळं ठिपक्यांचं झालं. पण डूल चमकतो, खिडकी उजळलेली असते, आणि चेहऱ्यापुढे बसल्यावर 'हे कोण?' हा प्रश्न काही क्षण मनात धरून ठेवावा लागतो. प्रश्न निसटला की नजरेला वाट दाखवणारं कुणी उरत नाही, मग जे जास्त चमकतं तिकडे ती ओढली जाते. सुरुवातीच्या त्या प्रसंगात मला तरी हेच दिसतं. काही अभ्यासांत अल्झायमरच्या रुग्णांची नजर चेहऱ्यावरच्या कामाच्या भागांवर कमी आणि बिनमहत्त्वाच्या जागी जास्त जाताना आढळली आहे. अर्थात सगळ्यांचं सारखं होत नाही, आणि म्हातारपणात तशीही लोकांची नजर डोळ्यांकडून थोडी तोंडाकडे सरकते. ऐकू कमी येतं, ओठांकडे बघायची सवय लागते, हे त्यामागचं एक कारण असू शकतं.

नजर योग्य जागी टेकली तरी पुढचं काम सोपं नाही. मेंदू चेहरा घर, झाड, खुर्ची यांच्यासारखा तुकड्यातुकड्यांनी वाचत नाही, एकदम अख्खा घेतो. म्हणून ओळखीच्या माणसाचा उलटा धरलेला फोटो ओळखायला आपण अडखळतो, पण उलटी खुर्ची ओळखताना तेवढं अडत नाही. रॉबर्ट यिन यांनी १९६९ मध्ये हा फरक दाखवला. २०१६ च्या एका अभ्यासात अल्झायमरच्या रुग्णांमध्ये हा सुलट-उलटचा फरक कमी झालेला आढळला. म्हणजे सुलटा चेहरा पाहतानाही त्यांना 'अख्खा चेहरा' घेण्याचा फायदा पुरेसा मिळत नव्हता. आठवण उघडायच्या आधीच पाहण्यात खोट होती.

मेंदूच्या खालच्या बाजूला, विशेषतः उजवीकडे, चेहऱ्यांना खास प्रतिसाद देणारा एक पट्टा आहे. नॅन्सी कॅनविशर आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये त्याचं वर्णन केलं. या भागात इजा झाली की नजर शाबूत असूनही चेहरे ओळखू येत नाहीत. या अवस्थेला प्रोसोपॅग्नोसिया म्हणतात. हे नाव योआखिम बोडामर या जर्मन डॉक्टरने १९४७ मध्ये दिलं.

१९८६ मध्ये व्हिकी ब्रूस आणि अँडी यंग या मानसशास्त्रज्ञांनी ही साखळी कागदावर मांडली आणि ती अजूनही कामाला येते. आधी चेहऱ्याची घडण टिपली जाते. मग 'हा चेहरा पाहिलेला आहे' हे कळतं. मग 'ही कोण' ते उघडतं: मुलगी, शिक्षिका, दोन मुलांची आई. नाव सगळ्यात शेवटी. म्हणूनच 'चेहरा ओळखीचा आहे, नाव ओठांवर आहे पण आठवत नाही' हे तुमच्याआमच्या बाबतीत रोज घडतं. 'नाव आठवतंय पण ही कोण ते आठवत नाही' असं चेहरा पाहून जवळजवळ कधीच होत नाही. अल्झायमरच्या सुरुवातीलाही आधी नाव जातं. घरच्या माणसाला चुकीच्या नावाने हाक मारली म्हणजे ओळख पुसली असं नसतं, शेवटची कडी तेवढी सैल झालेली असते. याच टप्प्यावर नवे चेहरे मात्र रुजत नाहीत. गेल्या महिन्यात कामावर आलेली मदतनीस रोज नव्याने परकी वाटते.

डिमेन्शिया हा एकच आजार नाही, आणि साखळी कुठे तुटते ते आजारागणिक वेगळं असतं. अल्झायमरचा एक प्रकार मेंदूच्या मागच्या भागापासून सुरू होतो. फ्रँक बेन्सन यांनी १९८८ मध्ये त्याचं वर्णन केलं. यात आठवण बराच काळ टिकते, पण दिसणारी गोष्ट जुळून येत नाही. नाक दिसतं, मिशी दिसते, सगळं मिळून कोण होतं ते समजत नाही. ही माणसं आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जातात, चष्मा बदलतात, पुन्हा बदलतात आणि डोळे तपासून 'काही दोष नाही' असं ऐकून घरी येतात. वर्ष-दीड वर्ष यात गेलं अशा हकिकती ऐकल्या की चीड येते, कारण वाक्य वाचताना ओळ हरवणं, समोरचा पेला हाताला न लागणं अशा खुणा पहिल्यापासून असतात.

कानशिलाच्या आतला उजवा भाग झिजत गेला तर गोष्ट आणखी वेगळी. तिथे माणसांबद्दलचं ज्ञानच विरत जातं. चेहरा नीट दिसतो, पण त्याच्यामागचं माणूस सापडत नाही आणि पुढेपुढे आवाज ऐकूनही सापडत नाही. प्रोसोपॅग्नोसियात आवाज ऐकताच 'अरे, तू होय!' असं होतं, इथे तो आधारही तुटतो. कपाळामागच्या भागाच्या डिमेन्शियात बऱ्याचदा माणूस ओळखला जातो, पण चेहऱ्यावरचा राग, भीती, किळस वाचता येत नाही. घरचे म्हणतात, बाबा दगडासारखे झालेत, मी समोर रडले तरी काही नाही. तिथे समोरच्या डोळ्यांतलं पाणी वाचणारी यंत्रणाच झिजत चाललेली असू शकते.

आणि एक आजार असा, ज्यात दोष अगदी पहिल्या कडीत, डोळ्यांच्या हालचालीतच असतो. प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लिअर पाल्सी हे त्याचं जडजंबाल नाव, १९६४ मध्ये तीन डॉक्टरांनी मिळून त्याचं वर्णन केलं. यात डोळे वरखाली न्यायला जड होतात, विशेषतः खाली. जिना उतरताना पायरी दिसत नाही, ताटातलं दिसत नाही. पायाशी बसलेलं नातवंड आजोबांना ओळखीचं वाटत नाही, कारण त्यांची नजर त्याच्यापर्यंत पोचतच नाही. नातवंडाला उचलून चेहऱ्यासमोर आणलं की प्रश्न मिटतो.

नजर योग्य जागी नेऊन फायदा होतो का, याचा एक गाजलेला पुरावा डिमेन्शियाच्या बाहेरचा आहे. मेंदूतला अमिग्डला नावाचा बदामाएवढा भाग दोन्ही बाजूंनी निकामी झालेल्या एका स्त्रीला चेहऱ्यावरची भीती ओळखता येत नसे. २००५ मध्ये राल्फ अडॉल्फ्स आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की ती चेहऱ्याच्या डोळ्यांकडे बघतच नव्हती. 'डोळ्यांकडे बघा' असं सांगितल्यावर ती भीती बरोबर ओळखू लागली. पण सांगणं थांबलं की नजर पुन्हा जुन्या वाटेला. डिमेन्शियात हा उपाय तसाच लागू पडेल असं धरून चालता येत नाही, कारण तिथे पुढच्या कड्याही कमजोर असतात. पण सगळा दोष आठवणीच्या कपाटात नसतो, एवढं यातून नक्की कळतं.

या विषयातला मला सगळ्यात चटका लावणारा भाग पुढेच आहे. तोंडाने 'ओळखत नाही' म्हणणारं माणूस आतून कुठेतरी ओळखत असू शकतं. १९८४ मध्ये रसेल बाउअर यांनी प्रोसोपॅग्नोसिया असलेल्या एका रुग्णाला ओळखीचे चेहरे दाखवले आणि प्रत्येकाबरोबर काही नावं वाचली. रुग्णाला बरोबर नाव निवडता येईना, पण ते उच्चारताच त्याच्या त्वचेवरचा सूक्ष्म घाम जास्त प्रतिसाद देत होता. डोळेही अशी चहाडी करतात. प्रसिद्ध चेहरा पाहताना आपले डोळे कमी जागी थांबतात, अनोळखी चेहऱ्यावर जास्त भिरभिरतात. ओळख सांगायच्या आधीच नजरेची वाट ती सांगून जाते.

याच्या बरोबर उलट टोक म्हणजे कापग्रा भ्रम. जोसेफ कापग्रा यांनी १९२३ मध्ये तो नोंदवला. इथे चेहरा ओळखू येतो, पण आपलेपणाची जी लहर उठायला हवी ती उठत नाही. मग मेंदू हिशेब जुळवतो: दिसते माझ्या बायकोसारखी, पण ही बायको नव्हे, कुणी तरी सोंग घेऊन आलंय. लेवी बॉडी डिमेन्शियात हे बऱ्यापैकी आढळतं. अशा वेळी पुरावे देऊन वाद घालण्यात काही हशील नसतं. खोलीबाहेर जाऊन दाराआडून हाक मारली तर कधीकधी निभावतं, कारण आवाजाची वाट वेगळी असते.

मग डोळ्यांचा माग काढून डिमेन्शिया आधीच पकडता येईल का? यंत्रं आता सुटसुटीत झाली आहेत. डोळ्याला काही चिकटवावं लागत नाही. अदृश्य अवरक्त प्रकाश सोडायचा आणि त्याची बुबुळावर उमटलेली चमक व बाहुलीचा मध्य यांतलं अंतर कॅमेऱ्याने टिपत राहायचं. एक प्रयोग तर बोलताही न येणाऱ्या बाळांसाठी शोधलेला. आधी एक चित्र दाखवायचं, थोड्या वेळाने तेच चित्र एका नव्या चित्राशेजारी ठेवायचं. निरोगी माणूस नव्याकडे जास्त वेळ बघतो. स्मृती ढासळू लागलेल्या माणसाची नजर दोन्हींत सारखी वाटली जाऊ लागते, कारण जुनंही नवंच वाटतं. प्रश्न विचारायला नको, लिहायला-वाचायला यायला नको, भाषाही आड येत नाही. म्हणून संशोधकांना यात एवढा रस आहे.

मला मात्र मोबाइलवर नजर तपासून निदान सांगणाऱ्या दाव्यांबद्दल शंका वाटते. मोतीबिंदू, ओघळलेल्या पापण्या, चष्म्याच्या काचेवरची चकाकी यांनी मोजमाप बिघडतं. झोपेच्या गोळ्यांनी उड्या मंदावतात, नैराश्याने आणि वयानेही फरक पडतो. गटागटांत फरक दिसणं वेगळं आणि समोर बसलेल्या एका माणसाबद्दल खात्रीने सांगणं वेगळं. निदान आजही डॉक्टरांची तपासणी, घरच्यांनी सांगितलेली हकिकत आणि मेंदूच्या चाचण्या यांवरूनच होतं.

घरी मात्र यातलं बरंच कामी येतं. त्यांच्यासमोर बसताना खिडकी आपल्या पाठीमागे नको, आपल्या चेहऱ्यावर उजेड पडायला हवा. पाठीमागून उजेड आला की चेहरा काळोखा होतो, आणि अल्झायमरमध्ये फिकट-गडद यांतला फरक टिपण्याची क्षमताही कमी झालेली असते. त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवर या आणि बोलायच्या आधी दोन क्षण स्थिर राहा, नजरेला पोचायला वेळ द्या. टीव्ही चालू असेल तर तो बंद करा, नाहीतर नजर तिकडेच जाणार. नवे चेहरे आपण केस, दाढी, टोपी अशा बाहेरच्या खुणांवरून लक्षात ठेवतो, जवळचे चेहरे डोळे-नाक-तोंड या आतल्या ऐवजावरून. आतला ऐवज नीट वाचला जात नसला की घरचं माणूसही बाहेरच्या खुणांवर जोखलं जाऊ शकतं, मग मुलाने दाढी काढली एवढ्यावरून घोळ होतो.

'मला ओळखलंस का' हा प्रश्न तर सोडूनच द्या. ती परीक्षा आहे, आणि त्यातही साखळीची सगळ्यात कच्ची कडी, म्हणजे नाव, आधी मागणारी. 'आई, मी सुमन, तुझी धाकटी,' असं म्हणत समोर बसलं की उरलेल्या कड्यांना हात मिळतो. अलीकडचं आधी पुसलं जातं आणि जुनं टिकतं, त्यामुळे आई कधीकधी दहा वर्षांच्या सुमनला शोधत असते. पन्नाशीच्या बाईला ती 'तुम्ही कोण' म्हणाली तर तिच्या हिशेबाने ती चुकलेली नाही. अशा वेळी जुना फोटो कामी येतो. आरशाचंही तेच: स्वतःचा म्हातारा चेहरा परका वाटून कुणी घाबरत असेल तर आरसा सरळ झाकून टाकावा.

आणि चष्मा. तो त्यांचाच आहे ना, बघा. जिथे बरीच माणसं एकत्र राहतात तिथे चष्मे बदललेले असू शकतात आणि बोलता न येणारं माणूस तक्रार करत नाही. मग काचा पुसा. शेवटची डोळे तपासणी कधी झाली होती, तेही एकदा आठवून पाहा.